अर्भकांतील विषाणूंचे त्वरित निदान

विषाणूजन्य रोगाचे निदान दोन प्रकारे करता येते. शरीराने विषाणूविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे रक्तात शोधणे हा एक प्रकार. प्रत्यक्ष विषाणूचा माग काढणे हा दुसरा. पहिला सोपा व कमी खर्चाचा. मद्रासमधील मराठी कुटुंबात जन्मलेल्या व विकृतिशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन (पूर्वाश्रमीच्या गायतोंडे) यांनी आपल्या विद्यार्थिनीसह १९८६ मध्ये भारतातील एच.आय.व्ही.चा पहिला पुरावा याच मार्गाने उजेडात आणला.

मात्र ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण असते, त्यांच्या बाबतीत ही चाचणी फसवी ठरू शकते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाचे शरीर पुरेशी प्रतिपिंडे तयार करीलच असे नाही. त्यामुळे संसर्ग असूनही तो दिसत नाही. एच.आय.व्ही.बाधित मातेच्या अर्भकाचे याच्या उलट असते. मातेची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून बाळ निरोगी असले तरी चाचणी त्याला बाधित ठरविते.

अठरा महिने थांबणे परवडणारे नाही. उपचाराविना बाधित बालकांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांची होण्यापूर्वीच दगावतात. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, निदान होताच औषधे सुरू केल्यास अर्भकांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात.

येथे पी.सी.आर. तंत्र उपयोगी पडते. विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या अल्पशा अंशापासून काही तासांत लक्षावधी प्रती तयार होतात व विषाणू ओळखता येतो. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर वाळविले की ते बर्फाविना दूरच्या प्रयोगशाळेत पाठविता येतात. त्यामुळे नांदेड वा लातूर जिल्ह्यातील खेड्यातल्या बाळालाही ही सोय मिळू शकते. २०२० च्या कोविड साथीत या दोन्ही शहरांत आर.टी.-पी.सी.आर. चाचण्या होऊ लागल्या. हे तंत्र मराठवाड्याला आता अपरिचित राहिलेले नाही.

तंत्राइतकेच महत्त्व वेळेला आहे. बाधित मातेने बाळाला दीड महिन्याची लस टोचण्यास नेतानाच शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी करून घ्यावी. ती विनामूल्य असून माहिती गुप्त ठेवली जाते. पहिल्या तपासणीत दोष न आढळला तरी पुढील तपासण्या चुकवू नयेत. अठराव्या महिन्याच्या तपासणीनंतरच निर्णय अंतिम होतो.