कन्सोलसाठी मॉनिटर घेताना : खोक्यावरील आकड्याआधी कन्सोलची कुवत पाहा

सायंकाळ झाली की घरातील एकुलत्या एका टीव्हीवर दोन हक्क सांगितले जातात. आजीची मालिका सुरू होण्याची वेळ आणि नातवाचा गेम कन्सोलवरील फुटबॉलचा सामना एकाच वेळी येऊन ठेपतात. हा रोजचा वाद मिटवण्यासाठी मुलाच्या टेबलावर स्वतंत्र मॉनिटर आणून देण्याचा विचार आता अनेक घरांत होऊ लागला आहे. चतुर्थी-दिवाळीच्या सवलतींचे दिवस आले की हा विचार प्रत्यक्षातही येतो.

अडचण दुकानात सुरू होते. खोक्यांवर १४४, १६५, १८०, २४० असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. मुलाला ते तोंडपाठ असतात, पालकांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो आणि विक्रेत्याचा कल साहजिकच मोठ्या आकड्याकडे असतो. या गडबडीत एक साधी गोष्ट विसरली जाते. मॉनिटर स्वतः चित्र तयार करीत नाही. कन्सोल जे चित्र पाठवतो, तेवढेच तो दाखवतो. कन्सोलच्या कुवतीपलीकडच्या आकड्यासाठी मोजलेले पैसे त्यामुळे वाया जातात.

आधी घरातील कन्सोल ओळखा

प्लेस्टेशन ४ हा २०१३ साली आलेला कन्सोल आजही अनेक घरांत आहे आणि जुन्या वस्तूंच्या बाजारातही तो सहज मिळतो. तो सेकंदाला जास्तीत जास्त ६० चित्रे पाठवतो आणि त्याचे रिझोल्युशन १०८०पी, म्हणजे आडवे १९२० व उभे १०८० पिक्सेल असते. परदेशातील नातेवाइकांकडून भेट म्हणून येणारा पहिला निन्टेन्डो स्विच डॉकला जोडल्यावर एवढेच चित्र देतो. या दोहोंसाठी १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला, तरी मुलाच्या डोळ्यांसमोर ६०च चित्रे येतील.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एस यांची गोष्ट वेगळी आहे. हे दोन्ही कन्सोल सेकंदाला १२० चित्रांपर्यंत जाऊ शकतात. मात्र खेळही तसा बनवलेला असावा लागतो. ‘फोर्टनाइट’मध्ये ही सोय आहे, ‘ईए एफसी’सारखा फुटबॉलचा खेळ कन्सोलवर ६० चित्रांनीच चालतो. मूल प्रत्यक्षात कोणते खेळ खेळते, हा प्रश्न म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी घरीच विचारावा.

हर्ट्झचा अर्थ

पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो, ती संख्या म्हणजे रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलते, १२० हर्ट्झवर दर ८.३ मिलिसेकंदांनी. वेगवान खेळात हा फरक जाणवतो; हालचाल अधिक सलग दिसते. १२०च्या वरचे आकडे मात्र संगणकावर खेळणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत, या कन्सोलांच्या नव्हे. आज बाजारात बरेचसे स्वस्त गेमिंग मॉनिटर १०० हर्ट्झच्या पुढचेच असतात. तेव्हा त्याच किमतीत १६५ मिळत असेल तर घेण्यास हरकत नाही, पण त्यासाठी दोन हजार रुपये अधिक मोजण्याचे कारण नाही.

२४ इंच की २७?

टेबलाशी बसून खेळणाऱ्या मुलासाठी २४ इंची, १०८०पी मॉनिटर हा सर्वांत किफायतशीर पर्याय ठरतो. सर्वसाधारणपणे १० हजार रुपयांच्या आसपास तो मिळू शकतो. तेच रिझोल्युशन २७ इंची पडद्यावर पसरले की पिक्सेल मोठे होतात आणि जवळून पाहताना अक्षरांच्या कडा खडबडीत दिसू लागतात. २७ इंच हवेच असतील तर १४४०पी रिझोल्युशन पाहावे. त्यात सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, तर १०८०पीमध्ये सुमारे २१ लाख.

येथेही कन्सोलची आठवण ठेवावी लागते. एक्सबॉक्स सीरीज एस १४४०पी चित्र देतो. प्लेस्टेशन ५मध्ये ही सोय सप्टेंबर २०२२च्या अद्ययावतीकरणानंतर आली. प्लेस्टेशन ४ आणि पहिला स्विच ती देतच नाहीत. त्यांचे १०८०पी चित्र १४४०पी पडद्यावर ताणले जाते आणि किंचित पुसट दिसते. म्हणजे अधिक पैसे देऊन कमी स्पष्ट चित्र पदरी पडते. फार रुंद, २१:९ प्रमाणाचे पडदेही टाळावेत. प्लेस्टेशन ५ त्या आकाराचे चित्र पाठवत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात.

मागची बाजू पाहून घ्या

कन्सोलला एचडीएमआय हीच वाट असते. अनेक मॉनिटरांच्या खोक्यावरील सर्वोच्च वेग मात्र डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्याच जोडणीवर मिळतो, आणि एचडीएमआयवर तो कमी असू शकतो. माहितीपत्रकात ‘एचडीएमआयवर कमाल रिफ्रेश रेट’ वेगळा दिलेला असतो. तोच आकडा खरा मानावा. केवळ ‘एचडीएमआय २.१’ असे लिहिलेले आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. या मानकातील बहुतेक नव्या सोयी ऐच्छिक आहेत. नाव तेच ठेवून त्या वगळण्याची मुभा उत्पादकांना असते.

चित्रांचा वेग कमी-जास्त झाला तर पडद्याचा वेगही त्यानुसार बदलणाऱ्या सोयीला व्हीआरआर म्हणतात. एक्सबॉक्स सीरीज एस ही सोय फ्रीसिंक प्रकारच्या मॉनिटरवरही वापरतो. प्लेस्टेशन ५ला मात्र एचडीएमआय २.१मधील व्हीआरआरच लागते. फक्त ‘फ्रीसिंक’ लिहिलेल्या मॉनिटरसाठी प्लेस्टेशन ५च्या मालकाने जादा पैसे देऊ नयेत.

पॅनेल, ‘१ मिलिसेकंद’ आणि एचडीआर

मुलाच्या खोलीसाठी आयपीएस पॅनेल सहसा योग्य ठरते. रंग चांगले दिसतात आणि शेजारी बसलेल्या भावंडालाही चित्र नीट दिसते. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग अधिक गडद असतो, पण स्वस्त मॉनिटरांत अंधारी दृश्ये वेगाने हलताना मागे सावली ओढल्यासारखी दिसू शकते. टीएन पॅनेल बाजूने पाहिले की फिकट पडते.

खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा अनेकदा एका खास मापनपद्धतीचा असतो आणि तो गाठताना पडद्याची चमक कमी होते. एचडीआरचेही तसेच. त्यासाठी पडदा पुरेसा तेजस्वी लागतो. २५०-३०० निट्सच्या स्वस्त पडद्यावर ते अक्षर नावापुरतेच उरते.

आवाजाचा विसर

टीव्हीची सवय असलेल्या घरांत हमखास राहून जाणारी बाब म्हणजे आवाज. अनेक स्वस्त मॉनिटरांना स्पीकरच नसतो. प्लेस्टेशन व एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये हेडफोन लावण्याची जागा असते, त्यामुळे काम भागते. पण मुलाच्या कानांवर तासन्‌तास हेडफोन नको असेल, तर मॉनिटरला ऑडिओ-आउट आहे का, हे पाहावे. तेथे साधा स्पीकर जोडता येतो.

डोळे आणि वेळ

टीव्हीपासून मूल सात-आठ फुटांवर बसते, मॉनिटरपासून हातभर अंतरावर. मॉनिटर घेतल्याने होणारा हा सर्वांत मोठा बदल आहे. पडदा किमान दोन फूट दूर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. उंची बदलता येणारा स्टँड नसेल तर खाली दोन जाड पुस्तके ठेवूनही हे साधते. खोलीत दिवा चालू असावा. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर पाहण्याची सवय लावावी. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १० वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा. टीव्ही दिवाणखान्यात असताना ही मर्यादा आपोआप पाळली जाते, कारण पडदा सर्वांचा असतो. तो मुलाच्या खोलीत गेला की आजीच्या मालिकेची जागा पालकांच्या लक्षाला घ्यावी लागते. शक्य असेल तर मॉनिटर दाराकडून दिसेल असा ठेवावा.

पैसे देण्यापूर्वी

दुकानातून घेत असल्यास कन्सोल सोबत नेऊन मॉनिटर जोडून पाहण्याची विनंती करावी. एकरंगी पडदा लावून मृत पिक्सेल तपासावेत. हमी किती वर्षांची आहे, बिघाड झाल्यास तंत्रज्ञ घरी येतो की मॉनिटर राज्याबाहेर पाठवावा लागतो, हेही विचारून घ्यावे. पावसाळ्यात विजांचा आणि वीजपुरवठ्यातील चढउतारांचा धोका असल्याने सर्ज प्रोटेक्टरचे काहीशे रुपये हिशेबात धरावेत.

मॉनिटर घरी आल्यावर कन्सोलच्या ‘स्क्रीन’ किंवा ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ सुरू आहे का, हे पाहावे. सोय असूनही ती बंद राहिल्याने महिनोन्‌महिने ६०वरच खेळत राहिलेली मुले कमी नाहीत. हे काम मुलाच्याच हाती द्यावे. खरेदीपूर्वी कन्सोलची कुवत, आवडीचे खेळ आणि खोक्यावरील आकडे एका कागदावर समोरासमोर मांडायलाही त्यालाच बसवावे. कोणता आकडा आपल्या उपयोगाचा नाही, हे त्याने स्वतः खोडून दाखवले, तर दुकानात हट्ट होण्याचे कारण उरणार नाही.