एक चिन्ह, अनेक शब्द : जपानी भाषेतील ‘हो’ अर्थात धम्म

जपानी भाषा शिकू इच्छिणाऱ्या आपल्याकडील जिज्ञासूंचा उत्साह बहुधा कांजीपाशी येऊन थबकतो. कांजी म्हणजे जपानने चीनमधून स्वीकारलेली अर्थवाही चिन्हे. सर्वसाधारण व्यवहारासाठी जपानी शासनाने २०१० साली निश्चित केलेल्या यादीत अशी २,१३६ चिन्हे आहेत. हा आकडा ऐकूनच पुष्कळजण वही मिटतात. वस्तुतः सुटे शब्द पाठ करण्याऐवजी एकाच चिन्हाभोवती गुंफलेले शब्द एकत्र शिकले, तर हे ओझे बरेच हलके होते. बौद्ध वाचकाला असे चिन्ह शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘धम्म’ या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी जे चिन्ह योजिले आणि ज्याचा जपानी उच्चार ओकार लांबवून ‘हो’ असा होतो, तेच घ्यावे.

हे चिन्ह आठ रेघांचे आहे. डावीकडील तीन लहान रेघा पाण्याच्या खुणेच्या, तर उजवीकडील पाच रेघा ‘जाणे, दूर होणे’ या अर्थाच्या चिन्हाच्या. जपानी मुले ते प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेत शिकतात. इ.स. १००च्या सुमारास शू शेन या चिनी पंडिताने सिद्ध केलेल्या कोशात त्याचे जुने, अधिक गुंतागुंतीचे रूप दिलेले असून, पाण्यासारखे समतल असणे हा पाण्याच्या खुणेचा अर्थ सांगितला आहे. म्हणजे बौद्ध धम्म चीनमध्ये रुजण्यापूर्वीच हे चिन्ह ‘नियम, कायदा, प्रमाण’ या अर्थाने प्रचलित होते. भाषांतरकारांनी ते धम्मासाठी निवडले, तेव्हा त्यांनी नवे भांडे घडविले नाही. जुन्याच भांड्यात नवा आशय ओतला. म्हणून आजच्या जपानी भाषेत ‘हो’चे दोन मोठे परिवार शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

पहिला परिवार कायद्याचा. ‘केंपो’ म्हणजे राज्यघटना, ‘रिप्पो’ म्हणजे कायदे करणे, ‘शिहो’ म्हणजे न्यायव्यवस्था, ‘गोहो’ म्हणजे कायदेशीर, ‘इहो’ म्हणजे बेकायदेशीर. यालाच लागून रीत किंवा पद्धत या अर्थाचे शब्द येतात : ‘बुंपो’ म्हणजे व्याकरण, ‘साहो’ म्हणजे शिष्टाचार, ‘र्योहो’ म्हणजे उपचारपद्धती. दुसरा परिवार धम्माचा. ‘बुप्पो’ म्हणजे बुद्धांचा धम्म, ‘सेप्पो’ म्हणजे धम्मदेशना, ‘होरिन’ म्हणजे धम्मचक्र, ‘होजी’ म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ होणारा विधी. धम्म या शब्दाचा ‘पदार्थमात्र, घटना’ हा तात्त्विक अर्थही येथे टिकून आहे. ‘शोहो मुगा’ या संज्ञेत ‘शो’ म्हणजे सर्व, ‘मु’ म्हणजे नाही आणि ‘गा’ म्हणजे आत्मा. अनात्मतेचा सिद्धान्त चार चिन्हांत सामावला आहे.

येथे वाचक विचारतील की, ‘हो’चा कधी ‘पो’, कधी ‘प्पो’ का होतो? हा संधीचा प्रकार आहे. आधी अनुनासिक आले की ‘पो’ होतो : केन अधिक हो, केंपो. आधीच्या चिन्हाचा उच्चार ‘त्सु’ने संपत असेल तर द्वित्त होते : बुत्सु अधिक हो, बुप्पो. सत् आणि धम्म यांचा ‘सद्धम्म’ होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटू नये. उलट दिशेने, पुढच्या अक्षराशी मिळताना ‘हो’ स्वतः आखूड होऊन ‘होक्के’ (धम्मपुष्प) असा शब्द बनतो.

हा ‘होक्के’ सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या जपानी नावात भेटतो. या सूत्राच्या दोन चिनी भाषांतरांची शीर्षके पडताळून पाहण्यासारखी आहेत. इ.स. २८६ मध्ये धर्मरक्षाने ‘सत्’साठी ‘सम्यक, योग्य’ या अर्थाचे चिन्ह वापरले, तर इ.स. ४०६ मध्ये कुमारजीवाने ‘अद्भुत, सूक्ष्म’ या अर्थाचे. जपानमध्ये कुमारजीवाचे शीर्षक रूढ झाले, म्हणून तेथे ‘म्योहो’ ऐकू येते. दोन्हींत ‘हो’ मात्र अढळ राहिला.

तथापि या पद्धतीत एक धोका आहे. कायद्याला जपानी शब्द ‘होरित्सु’. यातील ‘रित्सु’चे चिन्ह विनयासाठीही वापरतात; चिनी आगमांत धम्म-विनय ही जोडी याच दोन चिन्हांनी लिहिलेली आढळते. यावरून कायदा ही कल्पना विनयातून निघाली असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे ठरेल, कारण तो शब्द मूळचा लौकिक चिनी आहे. याउलट जादूला ‘माहो’ म्हणतात, आणि त्यातील ‘मा’चे चिन्ह खरोखरच ‘मार’ या शब्दासाठी घडविले गेले. चिन्ह अर्थाची दिशा दाखविते. शब्दाचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

‘धर्म’ म्हणजे ‘रिलिजन’ यासाठी जपानी शब्द ‘शूक्यो’ आहे आणि त्यात ‘हो’ नाही. मेइजी काळात पाश्चात्त्य संकल्पनेसाठी तो रूढ झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात रिलिजन आणि धम्म यांतील जो भेद विशद केला, तो जपानी वाचकाला निदान लिपीत तरी डोळ्यांसमोर दिसतो. आज बौद्ध धर्माला जपानीत ‘बुक्क्यो’ म्हणतात, त्यातील ‘क्यो’ हा शूक्योतलाच, अर्थ ‘शिकवण’. जुन्या काळी मात्र ‘बुप्पो’ हा शब्द अधिक वापरात होता.

कानावर विसंबूनही चालत नाही. ‘होहो’ म्हणजे पद्धत; यातील दुसरा ‘हो’ आपला, पहिला ‘दिशा’ या अर्थाचा वेगळाच. नारा प्रांतातील होर्यू-जी या प्राचीन विहाराच्या नावात आपलाच ‘हो’ आहे. पण ‘बुप्पोसो’ या पक्ष्याची गोष्ट पाहा. बुद्ध, धम्म, संघ असा त्रिरत्नांचा उच्चार डोंगरातील जो पक्षी रात्री करतो असे मानले जाई, त्याला हे नाव पडले. १९३५ साली आकाशवाणीवरून तो आवाज प्रक्षेपित झाला, आणि तो आवाज वस्तुतः एका लहान घुबडाचा असल्याचे त्याच वर्षी सिद्ध झाले. नाव मात्र पहिल्याच पक्ष्याकडे राहिले. ज्या डोंगरावरून ते प्रक्षेपण झाले, त्याचे नाव होराइजी. त्यातील ‘हो’ धम्माचा नव्हे. तो एका पौराणिक पक्ष्याचा आहे.