आठवायचं की ओळखायचं?

स्मृती आणि यंत्र : भाग सहावा

चंदगडला काजूचा हंगाम असला की बियांच्या दराचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. भाषा अस्सल चंदगडी, पण लिपी बऱ्याचदा रोमन. ज्यानं मराठी शाळेत पाटीवर बाराखडी गिरवली, तोच फोन हातात आल्यावर इंग्रजी अक्षरं का दाबतो? आळस म्हणून हा प्रश्न निकालात काढता येईल, पण ते मला अन्यायाचं वाटतं. बरंचसं कारण स्मृतीत आहे.

आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पाच दिवसांत १०,००० चित्रं दाखवली. नंतर एक पाहिलेलं आणि एक नवं अशी जोडी समोर ठेवून पाहिलेलं कोणतं ते विचारलं. उत्तरं सुमारे ८३ टक्के बरोबर आली. तीच चित्रं मनानं सांगायला लावली असती, तर कुणाचीही गाडी लवकरच अडली असती. संगणक घडवणाऱ्यांनी हा फरक पुढे कामाला लावला. आज्ञा पाठ करून टाइप करण्याऐवजी पडद्यावर दिसणारं चिन्ह निवडायचं, ही मांडणी झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या यंत्रानं १९८१ मध्ये बाजारात आणली.

देवनागरीच्या कळफलकावर मात्र आठवण्याचं ओझं बराच काळ तसंच राहिलं. सरकारमान्य ‘इनस्क्रिप्ट’ची रचना तर्कशुद्ध आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. पण मूळच्या इंग्रजी कळांवर ती बसवलेली, त्यामुळे ‘ढ’साठी कोणती कळ आणि शिफ्ट दाबायची की नाही, हे शिकावंच लागतं. दिवसातून दोन निरोप धाडणारा माणूस ते कशाला शिकेल?

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शिक्षणसंस्थेतले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या संशोधनाचं मोल मला इथं दिसतं. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक मांडला. २०१३ च्या सुमारास त्यांच्या गटाचं ‘स्वरचक्र’ फोनवर आलं. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानं लावलेली असतात. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं, हव्या रूपाकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. म्हणजे पहिलीत घोकलेली बाराखडीच गोल होऊन समोर येते. नवं पाठांतर जवळपास नाहीच. वर्णमालेचा हा क्रम कन्नडलाही चालतो, म्हणून तिच्यासाठीही स्वरचक्र निघालं. बेळगावशी रोजचा संबंध असलेल्या चंदगडकराला ही सोय वेगळी समजावून सांगायला नको.

तरीही ओळखण्याला वेळ लागतो, हेही खरंच. चक्र उमटणार, डोळे शोधणार, मग बोट सरकणार. तालुक्याच्या कचेरीत वर्षानुवर्षं मराठी टंकलेखन करणाऱ्याला हे संथ वाटेल. त्याच्या कळा बोटांत मुरलेल्या असतात आणि ही स्मृती शब्दांत सांगता येत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१४ मधल्या अभ्यासात सराईत टंकलेखकांना कोरा इंग्रजी कळफलक देऊन अक्षरं भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५ च्या आसपास जागा त्यांना बरोबर भरता आल्या. तुम्हीही आपल्या फोनचा कळफलक न बघता कागदावर काढून पाहा.

रोमन मराठीचं मूळही इथंच असावं. नावं, पत्ते, पासवर्ड भरताभरता इंग्रजी कळा बोटांनी आधीच शिकून घेतल्या, मग मराठीसाठी वेगळी वाट कोण धरणार? आता तर बोलून लिहिण्याची सोयही आली आहे, त्यामुळे कळफलकाचं महत्त्व आणखी कमी होईल.

स्वरचक्राबद्दल माझी शंका मात्र निराळी आहे. ते ज्या पाठांतरावर उभं आहे, ते पुढच्या पिढीकडे असेल का? इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘ट ठ ड ढ ण’ सलग म्हणता येत नसेल, तर त्याच्या लेखी हा क्रम इनस्क्रिप्टइतकाच परका. त्याला सगळं पुन्हा नजरेनंच शोधावं लागेल.

पुढच्या आठवड्यात : ओटीपी सहा आकडी का?