मानेचा मार आणि एमआरआयचा हट्ट

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले तरी मराठी कानावरून जात नाही. राज्य तेलंगणाचे असले तरी अनेक घरांतील बोली आपलीच. नागपूरहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ याच जिल्ह्यातून धावतो. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३००, नागपूर सुमारे २०० किलोमीटर. मालमोटारीची धडक बसो वा कापसाने भरलेल्या गाडीवरून कोणी डोक्यावर पडो, नातलगांचा पहिला प्रश्न हल्ली एकच असतो, ‘एमआरआय कुठे होईल?’ आमच्याकडे माडावरून पडलेल्या पाडेल्याच्या घरचेही हेच विचारतात.

प्रश्न स्वाभाविक आहे, पण अवेळी विचारलेला आहे. जखमी पूर्ण शुद्धीवर आहे, नशेत नाही, मानेच्या मधोमध दाबल्यास दुखत नाही, हातापायांतील बळ व संवेदना शाबूत आहेत, आणि लक्ष दुसरीकडे वेधणारी मोठी जखम नाही, अशा माणसास बहुधा कोणतेच चित्र लागत नाही. ३४ हजारांहून अधिक रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मानेस खरोखर इजा झालेल्या ८१८ जणांपैकी अवघे ८ या कसोटीतून निसटले.

कसोटीस न उतरणाऱ्या प्रौढाचा प्रथम सीटी स्कॅन करावा. मोडलेले हाड त्यात काही मिनिटांत दिसते. एमआरआयमध्ये मज्जारज्जू, मणक्यांमधील चकती व अस्थिबंध दिसतात; पण त्यास अर्धा तास वा अधिक लागतो, आणि श्वासासाठी धडपडणाऱ्यास त्या बोगद्यात ठेवणे धोक्याचे असते. हातपाय लुळे पडले, मुंग्या आल्या, लघवी अडली, किंवा सीटी निर्दोष असूनही तीव्र वेदना हटेना, तर मात्र तो टाळू नये. वृद्धांच्या मणक्यांची झीज झालेली असते. हाड न मोडताही नुसत्या पडण्याने मज्जारज्जू चेपतो, पायांहून हात अधिक दुबळे होतात, आणि घरचे त्यास अशक्तपणा समजून बसतात! मुलांत क्ष-किरणचित्र निर्दोष असूनही मज्जारज्जूस इजा होते, हे पँग व विल्बर्गर यांनी १९८२ साली वर्णिले आहे.

खरा घात होतो तो त्याआधी, रस्त्यावर. जखमीस काखेत धरून जीपमध्ये कोंबणारे हात प्रेमळच असतात. मान चोळून झटका देणाराही शत्रू नसतो. आदिलाबादेत २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. श्वास, रक्तदाब व मानेची स्थिरता तेथे पाहिल्यावाचून तीनशे किलोमीटरची धाव घेण्यात कसला शहाणपणा? शासनाकडे मागावयाचे तर दुसऱ्या यंत्राआधी १०८ च्या प्रत्येक गाडीत कडक फळी, मानेचा पट्टा आणि ते योग्य रीतीने बांधणारा शिकलेला माणूस मागावा.