नारव्हालच्या पाठीवरचा टॅग बर्फाळ समुद्रातून डेटा पाठवतो कसा?

मागच्या दिवाळीत तारकर्लीला समुद्रात डुंबत होतो आणि हातातलं स्मार्टवॉच सारखं डिस्कनेक्ट होत होतं. फोन किनाऱ्यावर मित्राच्या बॅगेत, फार तर पंधरा पावलांवर. हात पाण्याबाहेर काढला की कनेक्ट, पाण्यात घातला की गायब! मी घड्याळाच्या नावाने बोटं मोडत होतो, पण दोष त्याचा नव्हताच. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ब्लूटूथच्या लहरी त्यात काही सेंटिमीटर जाताच विरून जातात. वायफाय, ४जी, जीपीएस, सगळ्यांची हीच गत.

मग समुद्रात दीड किलोमीटर खाली तापमान किती आहे, हे कळणार कसं? उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो. जगभरच्या समुद्रांत आपोआप वर-खाली होणारे फ्लोट सोडलेले आहेत, पण डेटा पाठवायला त्यांनाही पृष्ठभागावर यावं लागतं. आणि ग्रीनलंड व कॅनडाच्या मधल्या बॅफिन उपसागरात हिवाळ्यात पृष्ठभागावर बर्फच असतो. जहाजांनाही तिथे शिरणं अवघड.

पण तिथे नारव्हाल असतो. लांब, पिळदार सुळ्याचा हा देवमासा श्वास घ्यायला बर्फातल्या भेगांमध्ये वर येतो आणि हलिबट मासे खायला तळाकडे सूर मारतो. म्हणजे आपल्याला हवी असलेली वर-खाली फेरी तो रोज फुकटात करतोच आहे. क्रिस्टिन लेड्रे आणि मॅड्स पीटर हाइडे-यॉर्गेन्सन यांच्या गटाने २००६ आणि २००७ मध्ये अशा १४ नारव्हालांना टॅग लावले. सर्वात खोल बुडी गेली १,७७३ मीटरपर्यंत.

अशा टॅगमध्ये तापमानाचा सेन्सर, दाबाचा सेन्सर (दाबावरून खोली कळते), बॅटरी आणि अँटेना असते. मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र त्याचा स्विच. बाहेरच्या बाजूला धातूचे दोन बिंदू असतात. खाऱ्या पाण्यात असताना त्या दोघांमधून वीज वाहते, हवेत आलं की थांबते. वीज थांबली, म्हणजे आपण वर आलो, पाठव मेसेज! ज्या गुणामुळे माझं घड्याळ तुटत होतं, त्याच गुणाचा इथे स्विच केलाय.

मेसेज पकडतात आर्गोस यंत्रणेचे उपग्रह, साधारण ८५० किलोमीटर उंचीवरून. एका मेसेजमध्ये मावतात जास्तीत जास्त ३२ बाइट. किती कमी, ते बघा. आपल्या फोनमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. 'वाढदिवसाच्या' या एकाच शब्दाला ३६ बाइट लागतात, 'शुभेच्छा' तर लांबच राहिल्या. म्हणून टॅग आधी स्वतःच डेटाचा सारांश काढतो आणि तेवढाच पाठवतो. उपग्रह नेमका डोक्यावर नसेल तर मेसेज वाया जाऊ नये, म्हणून तोच तोच पुन्हा पाठवला जातो.

यातून काय मिळालं? बॅफिन उपसागराबद्दल जुन्या तुटपुंज्या मोजमापांवरून जे हिवाळी तापमान धरलं जात होतं, त्यापेक्षा पाणी सरासरी जवळजवळ १ अंश सेल्सिअसने गरम निघालं. वरचा एकसारख्या तापमानाचा थंड थरही धरला होता त्यापेक्षा ५० ते ८० मीटरने पातळ होता. तिथे १ अंश म्हणजे किरकोळ नाही. समुद्राला टेकलेल्या हिमनद्या अशाच कोमट पाण्याने खालून झिजतात.

आता दुसरी बाजू. टॅग लावायला नारव्हालला जाळ्यात पकडावं लागतं. पूर्व ग्रीनलंडमध्ये जाळ्यातून सोडलेल्या नारव्हालांच्या हृदयाचे ठोके मोजणारा एक अभ्यास २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. जीव खाऊन पळत असतानाही त्यांचे ठोके मिनिटाला ३-४ पर्यंत उतरले होते. पळताना ठोके वाढायला हवेत, इथे भीतीने उलटंच झालं.

१४ प्राण्यांकडून एवढी माहिती मिळत असेल तर मला तो सौदा पटतो. पण वर मी 'फुकटात' असं लिहिलंय ना, तो शब्द मागे घेतो.