विद्यार्थ्यांची एक सभा

शास्त्राचा विद्यार्थी काव्याकडे आणि साहित्याचा विद्यार्थी रसायनाकडे पाठ फिरवितो, हें दृश्य आज नित्याचें झालें आहे. १८४८ सालीं मुंबईंत एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं जी सभा काढली, तिच्या नांवांतच मात्र हीं दोन्ही कुळें शेजारीं शेजारीं नांदत होतीं : स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. प्राध्यापक पॅटन हे तिचे प्रेरक. सभासद निबंध वाचीत आणि त्यांवर वादविवाद होई. पुढें या सभेचें अध्यक्षपद भूषविणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे तर महारोगावरील औषधाचा शोध करतां करतां शिलालेख वाचीत व कालिदासाच्या कालनिर्णयावर निबंधहि लिहीत!

परंतु सभेचा हा व्यवहार इंग्रजींत चाले, आणि खरी अडचण तेथेंच होती. सभागृहांत तावातावानें बोलणाऱ्या तरुणाला घरीं आईशीं त्यांतील एकहि गोष्ट बोलतां येत नसे. ही उणीव सभेनें ओळखिली, हें तिचें मोठेपण. मराठी व गुजराथी अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचें अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांजकडे आलें, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक निघूं लागलें. शास्त्र मराठींत सांगावयाचें तर शब्दहि घडवावे लागत. भाषेचें काम आणि शास्त्राचें काम तेथें निराळें राहिलेंच नाहीं.

तथापि ज्या घरांत हें मासिक जावयाचें, तेथील स्त्रियांना बहुधा अक्षरओळखहि नव्हती. सभेंत बेहरामजी गांधी यांनीं स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, तेव्हां नुसत्या चर्चेवर न थांबतां कृति करावी, असा आग्रह पॅटन यांनीं धरला. सभासद कामास लागले. दादाभाई नवरोजी तेव्हां अवघे चोवीस वर्षांचे. मुलींना निदान घराच्या ओटीवर तरी शिकवूं द्या, अशी विनवणी करीत हे तरुण घरोघर फिरत. कांहीं संतप्त पित्यांनीं त्यांना पायऱ्यांवरून खालीं लोटून देण्याची धमकी दिली, असें दादाभाईंनींच पुढें सांगितलें आहे. तरीहि १८४९ सालीं शाळा निघाल्या. जगन्नाथ शंकरशेट यांनीं मराठी शाळेसाठीं स्वतःची जागा दिली. इतर घरांवर या एका गोष्टीचा परिणाम दहा व्याख्यानांहून अधिक झाला असला पाहिजे. आरंभीं पारशी ४४ आणि हिंदु २४ मिळून अवघ्या ६८ मुली आल्या. शिक्षक म्हणजे सभासदच. वेतन अर्थातच नाहीं. सकाळीं मुलींना धडे द्यावयाचे आणि मग आपापल्या कामावर जावयाचें, असा त्यांचा क्रम असे.