सुटकेनंतरचा घोडा

१९११ साली बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात एडा कोल या इंग्रज बाईंनी जहाजातून उतरवले जाणारे घोडे पाहिले. इंग्लंडमध्ये गाडे ओढून म्हातारे झालेले, लंगडणारे हे घोडे कत्तलखान्यापर्यंत पायी हाकलत नेले जात होते. हा व्यापार बंद पाडण्यासाठी कोलबाईंनी १९२७ साली संस्था काढली. तिचं आजचं नाव ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’. बाई १९३०मध्ये वारल्या. कत्तलीसाठी जिवंत घोडे देशाबाहेर पाठवण्यावर ब्रिटनमध्ये पूर्ण कायदेशीर बंदी आली ती २०२४ साली.

कायद्याला शंभर वर्षं लागतात, पण उपाशी घोड्याकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून या संस्थेने आणि तिच्यासारख्या इतरांनी घोडे स्वतःकडे आणून सांभाळण्याचं काम उभं केलं. नॉरफकमधलं हॉल फार्म हे ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’च्या मोठ्या केंद्रांपैकी एक. ‘रेडविंग्ज’ ही १९८४मध्ये सुरू झालेली दुसरी मोठी संस्थाही नॉरफकचीच.

जानेवारी २००८मध्ये बकिंगहॅमशरमधल्या अ‍ॅमरशॅमजवळ स्पिंडल्स फार्म नावाच्या जागेवर शंभराहून अधिक घोडे, तट्टं आणि गाढवं मरणाच्या दारात सापडली. त्यांच्या आसपास तीसहून अधिक जनावरं मरून पडली होती. तिथे अनेक संस्था एकत्र आल्या, कारण इतकी जनावरं एकट्या संस्थेच्या पागेत मावणं शक्यच नव्हतं. या संस्थांना कुणाचा घोडा जप्त करण्याचा अधिकार नाही. २००६च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे पशुवैद्याने ‘जनावर यातनेत आहे’ किंवा ‘असंच राहिलं तर यातनेत सापडेल’ असं लेखी दिलं, की पोलीस किंवा स्थानिक प्रशासनाचा निरीक्षक ते ताब्यात घेतो आणि संस्थेच्या हवाली करतो. मालकी मात्र जुन्याच माणसाची राहते. त्याने ती सोडेपर्यंत किंवा न्यायालयाने निकाल देईपर्यंत संस्था घोड्याला नवं घर देऊ शकत नाही. खाऊ घालणं आणि उपचार तेवढे तिने करायचे.

आणि खाऊ घालणं हेच सगळ्यात धोक्याचं काम आहे. हाडं वर आलेला घोडा पाहिला की आपला हात आपसूक चंदीकडे जातो. ओट किंवा भरड्याची भरलेली पाटी अशा घोड्याचा जीव घेऊ शकते. अनेक आठवडे उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि मग स्नायू जाळून तगलेलं असतं. त्यात एकदम पिष्टमय दाणा गेला की रक्तातलं इन्सुलिन उसळतं आणि साखरेबरोबर फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियमही पेशींमध्ये खेचलं जातं. रक्तात त्यांचा तुटवडा पडून हृदय आणि श्वास कोलमडतो. मरण येतं ते बहुधा तीन ते पाच दिवसांनी, म्हणजे ‘आता वाचला’ असं सगळ्यांना वाटू लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्येही डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळे चारे देऊन पाहिले. सर्वांत सुरक्षित ठरला अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास. तिच्यात पिष्ट कमी. प्रथिनं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम भरपूर. पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो वाळलेली लसूणघास, रात्रीसुद्धा. पुढच्या आठवडाभरात प्रमाण हळूहळू वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. पोटभर वैरण मिळते ती साधारण दहा दिवसांनंतर. अंगावर पुरतं मांस चढायला कित्येक महिने जातात. भुकेलेल्या जनावरापुढे मोजून मूठभर टाकणाऱ्या मोतद्दाराला हा काळ किती जड जात असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

शिवाय आलेला घोडा पहिल्यांदा एकटा ठेवावा लागतो. ‘स्ट्रँगल्स’ नावाच्या जिवाणूजन्य रोगात घशाजवळच्या गाठी पिकतात आणि पागाच्या पागा आजारी पडते. वरून धडधाकट दिसणारा घोडाही महिनोन्‌महिने तो जंतू बाळगून असू शकतो. म्हणून तपासण्या होईपर्यंत वेगळी बादली, वेगळा खरारा, वेगळे कपडे. वाढून वळलेले खूर नालबंद एका बैठकीत कापून सरळ करत नाही. खूर महिन्याला जेमतेम आठ ते दहा मिलिमीटर वाढतो; समोरून पूर्ण नवा यायला वर्षाच्या आसपास लागतं. तोवर दर काही आठवड्यांनी थोडं थोडं तासत राहायचं.

काही घोड्यांना माणसाचा हात फक्त मारापुरता माहीत असतो, काहींना तर तेवढाही नाही. अशा बुजऱ्या घोड्याजवळ नुसतं उभं राहण्यापासून सुरुवात होते. त्याने एक पाऊल पुढे टाकलं की माणूस मागे सरतो. दबाव कधी सोडायचा, हे शिक्षणाचं मर्म. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात दिसलं, की मानेच्या मुळाशी, खांद्यावरच्या उंचवट्याजवळ खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. घोडे एकमेकांना नेमके तिथेच खाजवतात. मग मोहरकी, मग पाय उचलून देणं, मग गाडीत चढणं. खोगीर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. अधू घोडा एखाद्या एकट्या घोड्याचा सोबती म्हणूनही घर मिळवतो. ज्याच्या वेदना थांबवताच येत नाहीत, त्याला शांतपणे मरण देण्याचा निर्णयही या संस्था घेतात, आणि तो मला योग्य वाटतो.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा मात्र पुढे आहे. ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ घोडा विकत नाही आणि दानही करत नाही. करारावर सांभाळायला देते. घेणाऱ्याचं कुरण, निवारा, अनुभव पाहिला जातो. त्याने केंद्रावर येऊन तो घोडा हाताळायचा असतो. घोडा विकायचा नाही, घोडीपासून शिंगरं काढायची नाहीत, तपासनीस येईल तेव्हा दाखवायचा. सांभाळणाऱ्याची नोकरी गेली, तब्येत ढासळली, तर घोडा परत केंद्रावर. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो; संस्थेची जबाबदारीही तेवढीच लांब.

मुंबईत जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी १८३४मध्ये पांजरपोळ काढली. आश्रयाची आपली परंपरा कोलबाईंच्या कितीतरी आधीची आहे. पण आलेलं जनावर मरेपर्यंत तिथेच राहिलं, तर जागा कधीच मोकळी होत नाही. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराची मुदत दिली. २०२१मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न चर्चेत तरी आला. एकेका घोड्याची नोंद ठेवून त्याच्या मरणापर्यंत पाठपुरावा करणारी व्यवस्था हवी, अशी मागणी तेवढ्या जोराने झाली नाही. लग्नाच्या वरातीतले, जत्रेतले, थंड हवेच्या ठिकाणचे घोडे उद्या निवृत्त होतील, तेव्हा तीच व्यवस्था लागणार आहे.

तोवर एवढं करा. रस्त्यावर हाडकुळा घोडा दिसला तर त्याच्यापुढे गूळ, चणे, पोळ्या ओतू नका. पाणी ठेवा, फोटो काढा, पशुवैद्याला आणि पोलिसांना कळवा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ३५प्रमाणे न्यायदंडाधिकारी अशा जनावराला उपचारासाठी पाठवू शकतात, आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची सोयही त्याच कलमात आहे.